हात वर करा

सरांनी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलं, अनुकूल. उजवीकडे लिहिलं, प्रतिकूल. मग वरच्या बाजूला मोठ्या वळणदार अक्षरात विषय लिहिला : ‘आपल्या शाळेतील स्वयंपाकीण बदलावी काय?’

हातावरची खडूची भुकटी झटकत ते वर्गाकडे वळले. म्हणाले, "आज आपण मोठ्या माणसांसारखा विचार करायचा. घाबरायचं नाही. प्रत्येकाला आपलं मत असतं."

शाळेतली स्वयंपाकीण म्हणजे माझी माय.

तिचं नाव सरांनी लिहिलं नाही. कुणीच कुणाचं नाव घ्यायचं नाही, असा नियमही सांगितला. नावाची गरजच काय होती? शाळेत स्वयंपाकीण एकच. तिची लेक सातवीत, खिडकीजवळ बसलेली. खिडकीच्या पलीकडे टिनाचं शेड. शेडमध्ये चुलीवर खिचडीचा गंज चढलेला. आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. त्यात ढवळायचा सराटा फिरत होता, त्याचा आवाज वर्गात येत होता. आमचा आवाजही तिकडे जात असणार. मध्ये खिडकी होती, तिला गज होते, झडप नव्हती.

हे सरांच्या लक्षात आलं नाही. की आलं होतं? इतकी वर्षं झाली, मला अजून कळलेलं नाही.

आमचं गाव पवनी तालुक्यात. आसगावच्या बाजाराला जाणाऱ्या गावांपैकी एक. नाव सांगत नाही. सांगितलं तर गाव म्हणेल, आम्ही असे नव्हतो. शेजारची गावं म्हणतील, आम्ही तर नव्हतोच. तलावाच्या वरच्या अंगाला शेतकऱ्यांची घरं, धानाच्या बांध्या, म्हणजे भातशेतं, त्यांचीच. खालच्या अंगाला आमचा बौद्धांचा मोहल्ला. शाळा मध्ये.

आधी शाळेत वरच्या अंगाची एक म्हातारी बाई रांधायची. ती लेकीकडे नागपूरला राहायला गेली. दुसरी कुणी यायला तयार होईना. तेव्हा हेडमास्तर स्वतः आमच्या दारात आले आणि मायला म्हणाले, "बाई, लेकरं उपाशी राहून राहिले. तुम्ही या." माय त्या दिवशी लुगडं बदलून, केस नीट विंचरून गेली. बाबा बांधकामावर नागपूरकडे असायचे. घरात आम्ही दोघीच. मला वाटलं, आता दुपारीही माय दिसेल. मी फार खुश होते.

पहिल्या दिवशी सगळे जेवले. दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाच्या काही पोरांनी डबे आणले. मग आणखी काहींनी. कुणाचं पोट दुखायला लागलं, कुणाला घरी बोलावणं यायला लागलं. माय ओट्यावर ताटं मांडून उभी असायची आणि पोरं तिच्यासमोरून फाटकाबाहेर जायची. मोहल्ल्यातली आम्ही लेकरं तेवढी पंगतीत. उरलेला भात ती झाकून ठेवायची, पुन्हा उघडून पाहायची.

हे गावात बोललं जाऊ लागलं. वरून कुणी तपासणीला आलं तर काय, म्हणून हेडमास्तर घाबरले. तेव्हा सर पुढे आले.

सर वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम सांगते. ते मोटारसायकलवर भंडाऱ्याहून यायचे. छडी वापरत नव्हते. मोहल्ल्यातल्या मुलांच्या पाठीवर हात ठेवायचे. आमच्या घरी पाणीही प्यायले होते, आणि माय ते आठवडाभर शेजारणींना सांगत होती. त्यांचं नुकतंच कसलंसं प्रशिक्षण झालं होतं. समाजातले अवघड प्रश्न वर्गात आणा, मुलांना वाद घालू द्या, असं तिथे सांगितलं होतं. सरांना ते पटलं. गावातला अवघड प्रश्न समोरच होता. तो चुलीपाशी बसून काड्या सारत होता.

प्रतिकूल बाजूनं बोलायला मोहल्ल्यातला एक मुलगा उभा राहिला. "खिचडी चांगली असते," एवढंच म्हणून तो खाली बसला. मग दुसऱ्या बाजूचे हात वर झाले. थांबेचनात.

"आमच्या आजीचा उपास राहते. मी इथं खाल्लं तं मले घरात घेत नाही."

"आमचे बाबा म्हणते, आमच्या धानाचा भात आमच्याच घरी खा."

"सर, बाईले काढा असं नाही. बाईले झाडू द्या. रांधायले दुसरी ठेवा."

या शेवटच्या वाक्यावर सर म्हणाले, "वा! हा मध्यममार्ग झाला." आणि ते त्यांनी फळ्यावर लिहिलं.

मी खिडकीकडे पाहत नव्हते. पण ऐकत होते. सराटा थांबला होता.

मग सुषमा उठली.

सुषमा वरच्या अंगाची. माझी मैत्रीण. मैत्रीण म्हणजे तलावावरची. आम्ही दोघी शिंगाडे काढायला जायचो, फ्रॉक भिजवून यायचो. मग ती आमच्या चुलीपाशी अंग शेकत बसायची. माय तांदळाची धिरडी टाकायची आणि सुषमा तव्यावरची उचलून खायची. "मावशी, आनखी एक," म्हणायची. घरी सांगायची नाही. मायही म्हणायची, "सांगू नको वं बाई, मार खाशील." आम्ही तिघी हसायचो.

सुषमा उठली तेव्हा मला वाटलं, आता ही सांगणार. हिला माहीत आहे.

ती फळ्याकडे पाहत म्हणाली, "सर, मले त्यायच्या हाताचा वास येते."

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘स्वच्छतेचा मुद्दा’.

मग ते माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ. "आता तू बोल. तुझं म्हणणं ऐकलं पाहिजे आपण. फक्त भावनेच्या भरात नको. मुद्द्यावर बोल."

मी उभी राहिले. माझ्याजवळ मुद्दे होते. माय पहाटे आंघोळ करून यायची. तांदूळ निवडून, तीनदा धुऊन घ्यायची. नखं दगडावर घासायची. सगळं सांगता आलं असतं. पण माझ्या ध्यानात आलं की हे सांगायचं म्हणजे माझी माय घाण नाही, हे मला सिद्ध करायचं आहे. माझ्या वर्गासमोर. तिला ऐकू येत असताना. आणि मी ते नीट सिद्ध केलं, तर सर मलाही वा म्हणणार.

मी एवढंच म्हणाले, "सर, माय ऐकून राहिली."

सरांनी खिडकीकडे पाहिलं. एक क्षण. मग म्हणाले, "ऐकू दे. यात लपवण्यासारखं काय आहे? मनावर घेऊ नको. हा फक्त वाद आहे." आणि वर्गाला म्हणाले, "ज्यांना बदल हवा वाटतो, त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. मी मोजले नाहीत. सुषमाचा हात कोपरापासून सरळ होता. मनगटात काचेच्या बांगड्या होत्या, त्या घसरून खाली आल्या.

सर म्हणाले, "मी माझं मत देणार नाही. शिक्षकानं तटस्थ राहायचं असतं." चांगलं बोलल्याबद्दल सुषमाला त्यांनी स्वतःच्या खिशातला पेन दिला. मग आम्हा दोघींना पुढे बोलावलं. "मैत्रिणी आहात ना? हात मिळवा. वाद संपला, मैत्री कायम."

सुषमानं हात पुढे केला. मी माझे हात पाठीमागे बांधले.

"अगं, हात दे."

नाही दिला. सर पुन्हा म्हणाले. मी नाही दिला. ते वर्गाला म्हणाले, "बघा, हिच्यात खिलाडूवृत्ती नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला नाही म्हटलं, ते हे. तोंडानं म्हणता आलं नव्हतं.

त्या दुपारी मायनं आम्हाला वाढलं. वाढताना ती सराटा लांबून धरत होती. पूर्ण हात ताणून. तिच्या बोटांचा वाराही ताटाला लागू नये, असा.

दोन-चार दिवसांनी हेडमास्तर शेडपाशी आले. "बाई, उद्यापासून येऊ नका. आमचं काही नाही. लेकरायचंच मत पडलं."

"लेकरायचं?" माय म्हणाली. बस. तिनं राख घेतली, गंज घासला, पुन्हा घासला, उन्हात पालथा घातला आणि माझ्या वर्गाकडे न पाहता फाटकाबाहेर गेली.

वरच्या अंगाची दुसरी बाई आली. पोरं पंगतीत बसली. तपासणी झाली, सगळं उत्तम निघालं. मी शाळेत पुन्हा जेवले नाही. माय विचारायची, "काहून नाई खात वं? अन्नावर राग नको काढू." तिच्या लेखी अन्नाचा दोष नव्हता.

वर्गात जे झालं त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. तिनं ऐकलं, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे, हे तिला माहीत होतं. पण त्यानंतर तिला एक सवय लागली. कणीक मळून झाली की ती हात नाकाशी न्यायची. हुंगायची. लिंबाची फोड चोळायची, पुन्हा हुंगायची. आधी लपून करायची. मग तिचं तिलाच कळेनासं झालं. धानाच्या रोवणीला इतर बाया चिखलात गाणी म्हणत असायच्या आणि माझी माय बांधावर बसून हात हुंगत असायची. मोहल्ल्यात कुणाकडे कार्य असलं की पूर्वी रांधायला तिला पहिलं बोलावणं असायचं. आता ती भांडी घासायला बसायची. म्हणायची, "रांधायले दुसऱ्या कोणाले सांगा ना बापा."

मी शिकले. भंडाऱ्याला डी.एड. केलं, एस.टी.नं जाऊन येऊन. नोकरी लागली तेव्हा मायनं पेढे स्वतः वाटले नाहीत. शेजारच्या काकूंच्या हातानं वाटले.

शेवटी ती भंडाऱ्याच्या दवाखान्यात होती. मी तिच्यासाठी वरणभात नेला होता. तिला खायचं नव्हतं. तिनंच घास कालवला आणि माझ्या तोंडापाशी आणला. लहानपणी भरवायची तसा. मग मध्येच थांबली. म्हणाली, "वास येते काय वं?"

मी म्हणाले, "नाही माय."

"खरं सांग."

मी तो घास खाल्ला. तिची बोटं तोंडात धरून ठेवली. ती रडली नाही. फक्त पाहत राहिली, मी गिळते की नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. भंडाऱ्यालाच, एका हॉलमध्ये. विषय होता, वर्गात वादग्रस्त प्रश्नांवर चर्चा कशी घ्यावी. शिकवायला आले ते सर. तेच. केस पांढरे झालेले, आवाज तोच मऊ. आता ते जिल्ह्यातल्या शिक्षकांना शिकवतात, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी मला ओळखलं नाही. मी मागे बसले.

चहाच्या आधी त्यांनी अनुभव सांगितला. "एका लहान गावात अतिशय नाजूक प्रश्न होता. स्वयंपाकिणीचा. मोठ्यांनी हात घातला असता तर डोकी फुटली असती. मी तो मुलांवर सोपवला. मुलांनी मुद्दे मांडले, मतदान केलं, गावानं ते मानलं. एक दगड उचलला गेला नाही. याला म्हणतात लोकशाहीचं शिक्षण."

आजूबाजूला सगळे लिहून घेत होते.

मी उभी राहिले. "सर, ती स्वयंपाकीण माझी माय होती."

सरांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता यांना ते शेड आठवेल. ती खिडकी आठवेल. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. खरं, मनापासूनचं हसू.

"अरे! ती तू? बघा मित्रांनो, त्याच वर्गातली मुलगी आज तुमच्यात शिक्षिका म्हणून बसली आहे. याहून मोठा पुरावा कोणता हवा? टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. सगळ्या हॉलनं वाजवल्या. माझी माय सरणावर ठेवली तेव्हाही मी इतकी एकटी नव्हते.

"बंद करा," मी म्हणाले. ओरडले असेन. टाळ्या हळूहळू थांबल्या.

मी म्हणाले, "माझी माय गेली. जाईपर्यंत ती आपले हात हुंगत होती. तुमच्या त्या तासात काय झालं ते हे. दगड उचलला गेला नाही म्हणता. उचलला होता, सर. आम्ही सातवीत होतो, तुम्ही तो आमच्या हातात दिला."

सरांचा चेहरा उतरला. पण ते शिक्षक होते, सावरले. "तुझं दुःख मी समजू शकतो. पण मी कुणाला काय बोलायचं ते शिकवलं नव्हतं. मी पूर्ण तटस्थ होतो. आणि शिक्षकानं वर्गात येताना भावना बाहेर ठेवायच्या असतात."

"तुम्ही माझ्या मायले बाहेर ठेवलं," मी म्हणाले. माझी बोली परत आली होती, आवरली नाही. "एकीकडे सारं गाव बसवलं, एकीकडे एक पोरगी उभी केली, अन् म्हणाले, मी कोणाचाच नाही. त्या दिवशी एका माणसानं नुसतं म्हणायचं होतं, पोरहो, हे विचारायचंच नाही. तो माणूस तुम्ही होते. दुसरं कोणी नव्हतं तिथं."

त्यांनी पुढचा विषय सुरू करून दिला. चहाच्या वेळी माझ्या टेबलापाशी कुणी आलं नाही. जाताना केंद्रप्रमुख म्हणाले, "मॅडम, जुन्या गोष्टी आहेत. कायले उकरता?"

मी एस.टी.त बसले आणि वैनगंगेच्या पुलावर रडू फुटलं. जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. मायला हे ऐकायला मिळालं नव्हतं. तिनं ऐकलं होतं ते फक्त त्या तासातलं.

माझी शाळा मोहाडी तालुक्यात आहे, आंधळगावच्या पुढे. या वर्षी गावातल्या एका मुलीनं जातीबाहेर लग्न केलं. तिचे चुलते काठ्या घेऊन तिला शोधत फिरले. तिची धाकटी बहीण माझ्या वर्गात आहे. ती मान खाली घालून बसायची. एक दिवस पोरं म्हणाली, "मॅडम, यावर वाद घ्या ना. तिनं बरोबर केलं का चूक?"

मी वाद घेतला. मला वाद हवे आहेत. दारूबंदीवर घेतला, फाशीच्या शिक्षेवर घेतला, पोरी टेबल फोडतील इतक्या भांडल्या. पण या दिवशी मी विषय बदलून सांगितला. "ती मोठी आहे, लग्न केलं, तो प्रश्न तिचा. आपला प्रश्न वेगळा. काठ्या घेऊन निघालेल्या माणसांना तो हक्क कुणी दिला? ज्यांना वाटतं की तो हक्क होता, त्यांनी उभं राहून सांगा. त्या मुलीची बहीण इथं बसली आहे, तिच्याकडे पाहून सांगा."

एकच मुलगा उठला, त्या चुलत्यांपैकी एकाचा. "आमची इज्जत गेली, मॅडम," म्हणाला. मी विचारलं, "काठीनं परत कशी येते?" तो विचार करत उभा राहिला. खरोखर विचार करत. मी त्याला खाली बसवलं नाही, कुणाला हसूही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष आले. सोबत दोघं. खुर्चीवर बसून म्हणाले, "मॅडम, लेकरायले काय शिकवून राहिल्या तुम्ही? दोन्ही बाजू सांगत जा. तुम्ही तं एकाच बाजूनं बोलता."

"हो," मी म्हणाले. "मार खाणाऱ्याच्या."

"मग बदलीचं बोलावं लागेल वर."

"बोला."

त्यांना वाटलं मी रागात आहे. मी रागात नव्हते. मायला जाळून आल्यावर जसं सगळं स्वच्छ दिसत होतं, तसं दिसत होतं. बदली होईल. कदाचित दूरच्या गावी होईल, एस.टी.ही जात नसेल तिथं. तिथंही कुणीतरी रांधत असेल, कुणीतरी झाडत असेल, कुणाची बहीण पळाली असेल, आणि त्यांचं लेकरू वर्गात बसलेलं असेल. ते लेकरू बसलेलं असताना त्याच्या माणसांच्या माणूसपणावर मत पडणार नाही. मी जिवंत आहे तोवर नाही. दुसऱ्याला कमी लेखणाऱ्यानंच उठायचं, आणि काहून ते सगळ्यांसमोर सांगायचं. सांगता येत नसेल तर उभं राहायचं. घंटा झाली तरी.